महामार्गालगतच्या सोसायटीत आवाज कमी करायचा, तर पैसा कोठे खर्च करावा?

पुण्याच्या बाह्यवळण महामार्गालगत असलेल्या एका सात मजली सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महामार्गाचा आवाज रात्रंदिवस चालू असतो. मागच्या बाजूला एका मंगल कार्यालयाचे लॉन आहे. पहाटे पाण्याची मोटर सुरू झाली की खालच्या दोन मजल्यांवरील लोकांची झोपमोड होते. सर्वसाधारण सभेत दोन सूचना आल्या: कंपाउंडची भिंत बारा फुटांपर्यंत वाढवावी आणि तिच्या आतून अशोकाची रांग लावावी. दोन्ही कामांसाठी मिळून सहा लाख रुपये मंजूर होण्यासारखे आहेत. हा खर्च करावा का?

माझे उत्तर सुरुवातीलाच देतो: भिंत आणि झाडे यांवर हा पैसा घालू नये. बावीस वर्षे मी इमारतींच्या ध्वनिनियंत्रणाचे काम करतो आहे, आणि सोसायट्यांचे पैसे वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण मला एकच दिसले आहे, ते म्हणजे आवाज कोणत्या वाटेने घरात येतो हे न पाहता उपाय ठरवणे. आपल्याकडे तीन आवाज आहेत आणि तिन्हींच्या वाटा निराळ्या आहेत. महामार्गाचा आवाज हवेतून येऊन खिडकीच्या फटींतून आत शिरतो. मोटरचा आवाज पाइप, क्लॅम्प आणि भिंत यांच्या अंगातून चढतो. लॉनवरचा ठेका इतका खालच्या पट्टीचा असतो की बंद काचही त्याला फारशी अडवत नाही. कंपाउंडची भिंत यांपैकी एकाही वाटेवर पुरेशी आडवी येत नाही.

कोणतेही काम काढण्यापूर्वी एक आठवडा नोंद ठेवावी. रस्त्याकडच्या, मागच्या आणि मोटरजवळच्या बाजूने प्रत्येकी दोन घरे निवडावीत आणि कोणत्या वेळी, कोणता आवाज, किती वेळ आला आणि झोपमोड झाली का, एवढेच वहीत लिहावे. मोबाइलवरील आवाज मोजण्याचे ॲप यासाठी चालते, मात्र त्याच्या आकड्याला पुरावा समजू नये. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो; खालच्या पट्टीचा आवाज तो नीट पकडत नाही. तरीही एकच फोन एकाच जागी ठेवून घेतलेली ‘कामापूर्वी’ आणि ‘कामानंतर’ची तुलना उपयोगी पडते. पोलिसांपुढे किंवा न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर मात्र प्रमाणित आणि कॅलिब्रेट केलेल्या मीटरचेच मोजमाप लागते.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डेसिबलची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. ६० डेसिबलच्या दोन मोटर एकत्र चालल्या तर आवाज १२० होत नाही, ६३ होतो. याचीच दुसरी बाजू अशी की रस्त्यावरची निम्मी वाहने कमी झाली तरी मीटरवर जेमतेम ३ डेसिबलचा फरक दिसतो, आणि आवाज निम्मा झाल्यासारखा कानाला वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची घट लागते. दुसरी गोष्ट सरासरीची. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० या वेळात ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण हे आकडे त्या त्या वेळेच्या सरासरीचे आहेत. माणूस सरासरीने दचकून उठत नाही. रात्री अडीच वाजता रिकाम्या डंपरचा फाळका आदळतो तेव्हा तो उठतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपण्याच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल सुचवताना एकेका आवाजाचे शिखर ४५ डेसिबलच्या आत असावे असेही स्वतंत्रपणे म्हटले आहे, ते याचमुळे. म्हणून वहीतील नोंद सरासरीपेक्षा अशा शिखरांची असावी.

सर्वप्रथम मोटरचे काम हाती घ्यावे, कारण ते पूर्णपणे आपल्या हातात आहे, खर्चाने सर्वांत लहान आहे आणि त्याचा गुण दुसऱ्याच दिवशी दिसतो. कोथरूडमधील एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला खोलीत नेले आणि पलंगाच्या उशाकडील भिंतीवर माझा हात ठेवायला लावला. मोटर चालू होती आणि प्लास्टर अक्षरशः थरथरत होते. त्याआधी सोसायटीने पंपाच्या खोलीला जाड दार बसवले होते आणि आतून फोमही चिकटवला होता. आजींना त्याचा काहीच फरक पडला नव्हता, कारण त्यांच्याकडे येणारा आवाज दारातून येतच नव्हता. गच्चीवरच्या टाकीकडे जाणारा लोखंडी पाइप त्यांच्या भिंतीमागच्या डक्टमधून वर जात होता आणि दर काही फुटांवर लोखंडी क्लॅम्पने भिंतीला घट्ट आवळलेला होता. मोटरचे कंपन पाइपात, पाइपाचे क्लॅम्पमध्ये आणि क्लॅम्पचे भिंतीत, असा तो प्रवास होता. एवढी मोठी सपाट भिंत थरथरू लागली की ती स्पीकरच्या पडद्यासारखे काम करते.

तेथे जे केले तेच आपल्याकडेही करावे लागेल असे मला वाटते. मोटर जमिनीत थेट बोल्ट न करता जड काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवावी आणि तो ठोकळा रबराच्या किंवा स्प्रिंगच्या माउंटवर ठेवावा. येथे हमखास एक चूक होते: प्लंबर जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे कापून खाली सरकवतो. नेहमीच्या पंपाची मोटर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते, आणि त्या गतीचे कंपन अडवायचे तर वजन आल्यावर रबर निदान एक-दोन मिलिमीटर दबले पाहिजे. दाबून दबतच नाही असे रबर म्हणजे लाकडाचा तुकडाच. मोटरच्या दोन्ही बाजूंना पाइप जोडताना मध्ये रबर बेलो, म्हणजे रबराचा लवचिक सांधा, टाकावा आणि डक्टमधील प्रत्येक क्लॅम्प सोडवून पाइपाभोवती रबराचा पट्टा घालून मगच पुन्हा आवळावा. पाइप स्लॅबमधून जेथे पार होतो तेथे सिमेंटने तो जाम केलेला असतो. तेवढा भाग फोडून मोठा स्लीव्ह, म्हणजे पाइपाहून रुंद नळी, बसवावा लागतो आणि मधली जागा लवचिक सीलंटने भरावी लागते. आठ क्लॅम्प सोडवले आणि नववा अवघड जागी आहे म्हणून तसाच ठेवला, तर तो नववा क्लॅम्प ज्या मजल्यावर आहे तेथे तक्रार कायम राहते.

मोटर बंद होताना ‘धाड’ असा एकच ठोका येत असेल, तर तो एनआरव्हीचा, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेचा (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) आहे. वर चढलेले पाणी मागे फिरते आणि झडप आपटते. स्प्रिंगची, पाणी मागे फिरण्याआधीच बंद होणारी झडप बसवली की तो ठोका जातो. या सगळ्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहावा: टाकी रात्री १० च्या आत भरून घ्यावी आणि मोटरचे वेळापत्रक पहाटे साडेचारऐवजी सहानंतरचे करावे. महापालिकेचे पाणी पहाटेच येते हे खरे, पण ते खालच्या टाकीत येते. वर चढवण्याची घाई बहुतेक ठिकाणी केवळ वॉचमनच्या ड्युटीच्या सोयीने ठरलेली असते. वरची टाकी सकाळच्या वापराला पुरत नसेल तरच हा उपाय चालणार नाही.

आता महामार्ग. आवाज अडवणारी भिंत कामाची ठरते, पण तिच्या अटी कडक आहेत. साधी कसोटी अशी की, खिडकीत उभे राहून वाहन दिसत असेल तर त्या खिडकीपुरती भिंत नाही असेच समजावे. भिंतीचा माथा वाहन आणि खिडकी यांना जोडणाऱ्या रेषेला जेमतेम शिवत असेल तर साधारण ५ डेसिबलचा फायदा होतो आणि माथा जितका त्या रेषेच्या वर जाईल तितका फायदा वाढतो. तरी प्रत्यक्षात १० ते १५ डेसिबलच्या पुढे मजल जात नाही, कारण आवाज माथ्यावरून वळून पलीकडे उतरतोच. बारा फुटांच्या भिंतीने आपल्या तळमजल्याला आणि कदाचित पहिल्या मजल्याला उपयोग होईल. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या लोकांना ती फक्त दिसेल. बाह्यवळण अनेक ठिकाणी भरावावर आहे. आपल्यासमोरचा भाग तसा असेल तर तळमजल्याचाही फायदा गेला. शिवाय भिंत सलग हवी, मधल्या फाटकाच्या जागेतून आवाज सरळ आत येतो. कोणी स्वस्तात पत्रा लावण्याचे सुचवील, तेही मानू नये. अशा आडोशाला चौरस मीटरमागे निदान १० किलो वजन लागते आणि नेहमीचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ४ किलोही भरत नाही. वाऱ्याने तो स्वतःच खडखडतो ते वेगळेच. कंपाउंडच्या उंचीवर बांधकाम नियमावलीची मर्यादा असते, त्यामुळे महापालिकेच्या परवानगीचा प्रश्नही आहेच.

झाडांविषयी थोडक्यात सांगतो. अशोकाच्या एका रांगेने मीटरवर मोजता येईल असा फरक पडत नाही. दाट, जमिनीपासून शेंड्यापर्यंत पानांनी भरलेला तीसेक मीटर रुंदीचा पट्टा असेल तर काही डेसिबल कमी होतात. एवढी जागा सोसायटीकडे नसते. झाडे जरूर लावावीत, सावलीसाठी, धुळीसाठी आणि रस्ता नजरेआड होण्याच्या समाधानासाठी, पण ध्वनिनियंत्रणाच्या खात्यातून त्यांचा खर्च दाखवू नये.

रस्त्यावरच काही करता येते का, हेही पाहावे. आपल्या नोंदवहीत रात्रीची शिखरे एकाच जागेहून येताना दिसली, तर तेथे बहुधा पुलाचा उखडलेला सांधा, खड्डा किंवा वेग कमी करण्यासाठी मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवरून जड वाहन गेले की खडखडाट होतो, आणि निवासी इमारतींसमोर त्या मारणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते. महामार्ग प्राधिकरणाकडे ‘आवाज फार आहे’ अशी तक्रार दिली की ती फायलीत जाते. अमुक खांबाजवळचा अमुक सांधा, रात्री १२ ते ४ या वेळातील आदळण्याच्या नोंदी आणि सोबत चित्रफीत, अशी तक्रार दिली की कनिष्ठ अभियंत्याला करण्यासारखे काहीतरी हाती मिळते. विनाकारण हॉर्न वाजवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये दंड ठेवला आहे, आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही निवासी भागात रात्री आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवण्यास मनाई आहे. वाहतूक पोलिसांना एखाद्या ठरावीक चौकाचे नाव आणि वेळ देऊन मोहीम मागता येते, सबंध महामार्गाबद्दल मागून उपयोग होत नाही.

यानंतरही रस्त्याचा आवाज राहणारच, आणि तो अडवण्याची खरी जागा म्हणजे झोपण्याच्या खोलीची खिडकी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी असते, दोन काचा आणि एक डासांची जाळी. लोक काच बदलण्याच्या मागे लागतात; मी आधी फटी पाहतो. एक हिशेब मांडून दाखवतो. चार बाय पाच फुटांची खिडकी म्हणजे वीस चौरस फूट. तिच्या चारही बाजूंनी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट राहिली तर ती सगळी फट मिळून खिडकीच्या क्षेत्राच्या जवळपास १ टक्का भरते. ज्या खिडकीत १ टक्का जागा उघडी आहे ती २० डेसिबलहून जास्त आवाज अडवूच शकत नाही, मग काच कितीही भारी असो. त्यामुळे महागडी ‘साउंडप्रूफ’ काच जुन्याच स्लायडिंग चौकटीत बसवून घेणाऱ्यांची निराशा होते, आणि अशी घरे मी दरवर्षी पाहतो.

फटी शोधण्यासाठी उदबत्ती पुरते. पंखा बंद करून, खिडकी लावून, पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवावी. धूर जेथे हलतो किंवा ओढला जातो तेथून हवा येते, आणि हवा येते तेथून आवाज येतो. दोन काचा मध्ये एकमेकींवर येतात ती उभी पट्टी, खालच्या ट्रॅकमधील पाणी जाण्याची भोके, चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा, एसीच्या पाइपासाठी पाडलेले भोक, या ठिकाणी धूर हमखास हलतो. स्लायडिंगचा झिजलेला ब्रश बदलणे, सांध्यात सिमेंट आणि वरून सिलिकॉन भरणे, एसीचे भोक पुट्टीने बंद करणे, एवढी कामे काही हजारांत होतात आणि त्यांनी दोन-चार डेसिबल नक्की कमी होतात. पाणी जाण्याची भोके मात्र बुजवू नयेत, पावसाळ्यात पाणी घरात येईल.

त्याहून पुढे जायचे असेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे स्लायडिंग काढून बिजागरीवर उघडणारी, सगळीकडून रबर गॅस्केटवर दाबून बसणारी खिडकी लावणे आणि तिच्यात लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून जोडलेल्या दोन काचा) घालणे. दुसरा, मला अधिक पसंत असलेला, म्हणजे जुनी खिडकी बाहेर तशीच ठेवून आतल्या बाजूने सुमारे चार इंचांचे अंतर सोडून दुसरी गॅस्केटची खिडकी बसवणे. दोन काचांमधले अंतर जितके जास्त तितका ट्रकच्या इंजिनाचा खालचा गुरगुराट चांगला अडतो. बाजारात मिळणाऱ्या दुहेरी काचेत हे अंतर अर्धा इंच असते. ती उष्णतेसाठी चांगली, या गुरगुराटासाठी फारशी नाही. आपल्या भिंती नऊ इंचांच्या असतील तर आतली खिडकी बसवायला जागा मिळते, सहा इंचांच्या असतील तर कारागिराशी आधी बोलून घ्यावे. आणि खिडकी बंद केली की हवा कोठून येणार, हे आधीच ठरवावे. एप्रिल-मेमध्ये कोणीही बंद खोलीत झोपणार नाही. ज्या घराला रस्त्याच्या विरुद्ध बाजूस खोली आहे त्यांनी झोपण्याची खोली बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. दहावी-बारावीची मुले किंवा आजारी वडीलधारी मंडळी घरात असतील, तर ही अदलाबदल उद्याच करावी असा माझा आग्रह आहे.

लॉनच्या बाबतीत मी प्रथम व्यवस्थापकाशी बोलण्याचा सल्ला देतो, आणि ते बोलणे ‘आवाज कमी करा’ एवढ्यावर थांबू देऊ नये. अडचण बहुधा मांडणीत असते. स्टेजजवळ दोन मोठे स्पीकर ठेवले की चाळीस मीटरवरच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावे म्हणून ते जोरात लावावे लागतात, आणि जे शेवटच्या रांगेला पुरते ते आपल्या गॅलरीपर्यंतही पोहोचते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून त्याच लॉनवर आठ-दहा लहान स्पीकर पाहुण्यांच्या जवळ, खाली झुकवून आणि आपल्या इमारतीकडे पाठ करून लावले, तर पाहुण्यांना तितकेच ऐकू येते आणि आपल्याकडे पोहोचणारा आवाज ठळकपणे कमी होतो. बेसचे खोके वेगळे मागावे लागतात, कारण नियमांतील मोजणी ज्या ‘ए’ पद्धतीने होते तीत खालच्या पट्टीच्या आवाजाचे वजन फार कमी धरले जाते. आकडा मर्यादेत असूनही कपाटाची काच वाजते, ती या कारणाने. ते खोके कमी करणे आणि यंत्रणेवर लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारे उपकरण, बसवून त्याला कुलूप घालणे, या दोन मागण्या लेखी द्याव्यात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि तेच लॉन दूरवर ऐकू येते. लग्नसराईतील तक्रारी हिवाळ्यात वाढतात त्याला हेही कारण आहे.

बोलून भागले नाही तर नियम आपल्या बाजूने आहेत. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात बंदिस्त सभागृहासारख्या जागा सोडल्या तर तो लावता येत नाही. राज्य सरकार ही वेळ वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, तेही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांच्या प्रसंगी. एखाद्या लग्नाला ती सवलत लागू होत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल किंवा एकूण ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेच्या हद्दीवर ही सवलत ५ डेसिबलचीच आहे. तक्रार ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात देता येते. शेजारधर्म बिघडेल या भीतीने लोक नाव द्यायला कचरतात, पण तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. सोसायटीच्या ठरावाने आणि लेटरहेडवर तक्रार गेली तर एकट्यादुकट्याला पुढे यावेच लागत नाही.

सोसायटीचा स्वतःचा जनरेटर असेल तर त्याच्याकडेही एक नजर टाकावी. १,००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरला आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि नव्या आवरणात ती सहसा पाळली जाते. पण आत गरम होते म्हणून ऑपरेटर दार उघडे ठेवतो, आणि उघड्या दाराच्या आवरणाचा काही उपयोग राहत नाही. ही गरम हवा बाहेर काढण्याचा मार्ग मोकळा करून द्यावा. पहाटेचे पाण्याचे टँकर, त्यांचा रिव्हर्सचा भोंगा, वॉचमनची दर तासाची शिट्टी, ही कामे एका परिपत्रकात मिटतात.

तर सहा लाखांची वाटणी मी अशी करीन. मोटर, क्लॅम्प आणि झडपेचे काम सोसायटीच्या खर्चाने लगेच. त्यानंतर रस्त्याकडच्या प्रत्येक घरात फटी बंद करण्याची मजुरी आणि साहित्य, तेही सोसायटीकडून, कारण एकाच कारागिराला सगळी इमारत दिली की दर कमी होतो आणि कामाचा दर्जा सारखा राहतो. उरलेल्या रकमेतून एका घरात, शक्यतो तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर, आतली दुसरी खिडकी नमुना म्हणून बसवावी आणि सर्व सभासदांना रात्री अकरानंतर तेथे पाच मिनिटे बसायला बोलवावे. पुढे प्रत्येकाने आपापल्या खर्चाने ती बसवायची की नाही हे तेथे बसूनच ठरेल. पंपाचे काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी मोटर चालू करून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरील त्या घरांत जावे, आणि पलंगाच्या उशाकडील भिंतीला तळहात लावून पाहावा.